‘वय झाले’ हे निदान नव्हे

माझे रुग्ण पाळण्यापासून दहावीच्या वर्गापर्यंतचे. वृद्धांच्या मधुमेहाविषयी मी लिहावे, हा अतिक्रमणाचा अपराध आधीच कबूल करतो. परंतु आपल्या इंदूरमध्ये नातवंडाला दवाखान्यात घेऊन येते ती बहुधा आजी, आणि माझा दवाखाना पहिल्या मजल्यावर आहे. अठरा पायऱ्या चढून आलेल्या आजी बाकावर बसतात आणि दोन मिनिटे त्यांना बोलताच येत नाही. दम्यासाठी आणलेले असते नातवाला. धाप लागलेली असते आजींना. विचारले की उत्तर ठरलेले, “साखर आहे ना मला, आणि आता वयही झालं.”

हे उत्तर मीही वर्षानुवर्षे मान्य करीत आलो. माझ्या आईला वीस वर्षांचा मधुमेह. तिला धाप लागू लागली तेव्हा मी म्हणालो, “तू बसून राहा, भाजी मी आणतो.” दोन वर्षांत तिला खुर्चीचे हात धरल्यावाचून उठता येईना. एचबीए१सी मात्र उत्तम होते, आणि घरातली आम्ही डॉक्टर मंडळी त्यावर समाधानी होतो.

मधुमेह डोळे, मूत्रपिंडे आणि पाय यांना ग्रासतो, हे आपण रुग्णाला न चुकता सांगतो. फुप्फुसांचे नाव क्वचितच घेतो. दीर्घकाळ चढलेल्या साखरेमुळे फुप्फुसांतील व छातीच्या पिंजऱ्यातील कोलॅजेन ताठर होते, केशवाहिन्यांच्या भिंती जाड होतात, श्वासपटलाची ताकद घटते. ही घट सहसा किंचितच असते. एरवी ती जाणवलीही नसती. परंतु तिला उतारवयातील स्नायूंची झीज येऊन मिळते. धाप लागते म्हणून माणूस बसतो, बसल्याने झिजतो, झिजल्याने अधिक धापतो. शिवाय जेवणानंतर रक्तातील साखर उचलण्याचे मोठे काम स्नायूंचेच. ते गेले की औषधांचा डोस वाढतो.

यावर आपण चिठ्ठीच्या तळाशी ‘रोज फिरणे’ एवढे दोन शब्द लिहितो. नेहरू पार्कात फेऱ्या मारून थेट पोहे-जिलबीच्या दुकानाकडे वळणारे आपण सर्वांनीच पाहिले आहेत. (त्यांत आपलेही काही सभासद असतात!) आठवड्याला दीडशे मिनिटे चालणे हवेच, पण त्याखेरीज दोन-तीन दिवस मांड्या, पोटऱ्या व दंड यांना भार देणारा व्यायाम, तोल सांभाळण्याचा सराव आणि श्वासाचे शिक्षण हवे. पोटाने श्वास घेणे, ओठ मिटत आणून सावकाश सोडणे, आणि श्वास घेणारे स्नायू फारच दुबळे असतील तर श्वासाला मोजका अडथळा देणाऱ्या उपकरणाने त्यांना कमावणे. हे शिकवणे फिजिओथेरपिस्टचे काम. आपण मात्र त्यांना बोलावतो ते अर्धांगवायू झाल्यावर किंवा खुब्याचे हाड मोडल्यावर.

व्यायाम हेही औषध, म्हणून त्याचे धोकेही जाणले पाहिजेत. मधुमेह्यात छातीत न दुखताही हृदयविकार असू शकतो. धाप हे त्याचे एकमेव लक्षण असेल, म्हणून आधी हृदय तपासावे. डोळ्यांच्या पडद्यावर नव्या रक्तवाहिन्या फुटलेल्यांनी श्वास रोखून वजन उचलू नये. इन्सुलिन घेणाऱ्यांनी खिशात साखर ठेवावी. पायाची संवेदना गेलेल्यांनी अनवाणी फिरू नये.

आईला फिजिओथेरपिस्टकडे मी उशिराच सोपवले. पहिल्या दिवशी ती हात न टेकता चार वेळा उठली, चार महिन्यांनी नऊ वेळा. भाजी आता पुन्हा तीच आणते, आणि मी आणलेली भाजी कशी जून असे, हेही ऐकवते.

आपल्या शिबिरांत आपण बोटाला सुई टोचून साखर मोजतो. पुढच्या वेळी ग्लुकोमीटरच्या शेजारी बिनहातांची एक खुर्ची आणि एक घड्याळ असावे. हात छातीवर ठेवून तीस सेकंदांत किती वेळा उठता येते, एवढेच मोजायचे. सत्तरी ओलांडलेल्या आजींना दहाही जमले नाही, तर त्यांना गोळ्यांच्या चिठ्ठीबरोबर फिजिओथेरपिस्टच्या नावाची चिठ्ठी द्यावी. खुर्ची मी माझ्या दवाखान्यातून आणीन.