तळघरातला वायू

अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया राज्यात 1984 साली लिमरिक इथे अणुवीज केंद्राचं बांधकाम चालू होतं. तिथल्या स्टॅन्ली वॉट्रस या इंजिनिअरच्या अंगावर किरणोत्सर्ग आहे म्हणून दारावरचा अलार्म वाजायचा. गंमत म्हणजे केंद्रात अजून वीजनिर्मितीच सुरू झालेली नव्हती! शेवटी कळलं की हा माणूस किरणोत्सर्ग कामावरून घरी नेत नव्हता, घरून कामावर आणत होता. बॉयरटाऊनजवळच्या त्याच्या घरात रेडॉन निघाला, लिटरमागे सुमारे 2,700 पिकोक्युरी. सरकारी पर्यावरण संस्था 4 झालं की घर दुरुस्त करा म्हणते.

रेडॉन खडकातल्या युरेनियममधून तयार होतो. रंग नाही, वास नाही. थंडीत खिडक्या बंद असतात, घरातली गरम हवा वर चढते आणि तळघराच्या भेगांतून जमिनीतली हवा आत ओढली जाते. खेड्यात आणखी एक वाट आहे : घरोघरच्या खासगी विहिरी. पाण्यात विरघळलेला रेडॉन नळ सोडला की हवेत येतो. त्या देशात फुप्फुसाच्या कॅन्सरने वर्षाला सुमारे 21,000 मृत्यू रेडॉनमुळे होतात, असा त्याच संस्थेचा अंदाज आहे. घरात कुणी सिगारेट ओढत असेल तर धोका कितीतरी वाढतो.

मोजणं मात्र सोपं आहे. कोळशाची एक डबी मिळते. बारा तास आधीपासून दारं-खिडक्या बंद ठेवायच्या, राहत्या भागातल्या सगळ्यात खालच्या मजल्यावर डबी काही दिवस उघडी ठेवायची आणि प्रयोगशाळेला पोस्टाने पाठवायची. पण डबी ठेवायची कुणी? घरमालकाला भीती, आकडा जास्त आला तर घराला गिऱ्हाईक मिळणार नाही. भाडेकरूला भीती, विचारलं तर मालक घर खाली करायला सांगेल. आजोबा म्हणणार, आम्ही ऐंशी वर्षं इथेच राहिलो, आम्हाला काय झालं? आणि शेजाऱ्याचा आकडा कमी आला म्हणून आपण निर्धास्त, हेही चालत नाही. भिंतीला भिंत लागून असलेल्या दोन घरांत जमीन-आस्मानाचा फरक निघू शकतो.

म्हणून हे काम ज्याच्या-त्याच्या मर्जीवर सोडणं मला पटत नाही. मर्जीवर सोडलं की शिकलेले आणि पैसेवाले मोजतात, बाकीचे गाफील राहतात. लहान गावात सुरुवात शाळेपासून व्हावी, मग भाड्याच्या घरांची पाळी. जमिनीखालून हवा खेचून छपरावर सोडणारा पाइप आणि पंखा बसवायला हजारभर डॉलर किंवा जास्त लागतात. ज्याला परवडत नाही त्याच्या हातात नुसता आकडा ठेवून काय उपयोग? तो खर्च गावाने, सरकारने उचलायला हवा. आपल्याकडे यवतमाळ-चंद्रपूरच्या भागात फ्लोराइडचं पाणी निदान मुलांचे दात डागाळून इशारा तरी देतं. रेडॉन तेवढंही करत नाही.

वॉट्रसचं घर ज्या खडकाच्या पट्ट्यावर होतं तोच पट्टा पुढे न्यू जर्सीत जातो, आणि न्यू जर्सीत आपली मराठी मंडळी काही कमी नाहीत. भारतातून आई-वडील आले की पुष्कळदा त्यांची झोपायची सोय तळघरातच असते. या हिवाळ्यात पहिली डबी तिथेच ठेवा.