जंगलाला चाकांचं वावडं नाही

पोर्टलंड हे अमेरिकेतलं सायकलींचं शहर. २००८ साली ‘लीग ऑफ अमेरिकन बायसिकलिस्ट्स’नं शहराला प्लॅटिनम दर्जा दिला, आणि तो मिरवायची एकही संधी आम्ही पोर्टलंडकर सोडत नाही. याच शहराच्या हद्दीत फॉरेस्ट पार्क नावाचं ५,२०० एकरांचं जंगल आहे. त्यात ऐंशी मैलांच्या आसपास वाटा आणि कच्चे रस्ते आहेत. त्यांतली सायकल नेता येईल अशी अरुंद, वळणावळणाची पायवाट किती? मैलाचा जेमतेम एक तृतीयांश. रमतगमत चाललं तरी आठ-दहा मिनिटांत संपते.

यावर एक ठरलेलं उत्तर मिळतं. सायकलींना लीफ एरिक्सन ड्राइव्ह आहे, फायरलेन आहेत. आणखी काय हवं? लीफ एरिक्सन ड्राइव्ह हा अकरा मैलांचा रुंद कच्चा रस्ता. गप्पा मारत सायकल चालवायला उत्तम. पण झाडांमधून वाट काढत जाण्याची मजा त्यात नाही. हे पायी फिरणाऱ्यांना तरी समजावून सांगावं लागू नये, कारण तेही तो रस्ता सोडून वाइल्डवुड ट्रेलकडेच वळतात.

फायरलेनची गंमत तर आणखी वेगळी. वणवा लागला तर बंब पोचावेत म्हणून आखलेल्या या वाटा अनेक ठिकाणी डोंगरउतारावरून थेट खाली घसरतात. पायवाटा बांधणाऱ्यांचा एक साधा नियम आहे: वाटेचा चढ डोंगराच्या उताराच्या निम्म्याहून जास्त नको. जास्त झाला की पावसाचं पाणी वाट ओलांडून पलीकडे जाण्याऐवजी वाटेवरूनच धावतं आणि माती घेऊन जातं. अशा सरळ उतारावर सायकलचा वेगही आपोआप वाढतो. सायकलींना विरोध होतो तो दोन कारणांनी, धूप आणि वेग. आणि नियम सायकलींना नेमका तिथेच पाठवतो, जिथे धूप आणि वेग दोन्ही वाढतात. याला जंगलाचं रक्षण म्हणत नाहीत.

चाकं पायांपेक्षा जास्त नासधूस करतात, हे तर सगळे गृहीतच धरतात. ते तपासलं गेलेलं आहे. १९९४ साली विल्सन आणि सेनी यांनी मोंटानातल्या वाटांवर चालणारे, घोडे, मोटारसायकली आणि सायकली यांची तुलना केली. ओल्या वाटेवर पायांनी आणि खुरांनी चाकांपेक्षा जास्त माती सुटी केली. २००१ साली थर्स्टन आणि रीडर यांनी कॅनडातल्या पानझडी जंगलात चालण्याचे आणि सायकलींचे परिणाम मोजले. झाडोरा आणि माती यांच्या नुकसानीत लक्षणीय फरक आढळला नाही. सायकलस्वार तासाभरात जास्त अंतर कापतो, म्हणून जास्त जनावरांना बिचकवू शकतो, हा आक्षेप खरा आहे. त्यावर उपाय म्हणजे वाट कुठून न्यायची आणि कुठून नाही, हे नीट ठरवणं.

ते ठरवण्याऐवजी इथे काय होतं, ते रिव्हर व्ह्यूमध्ये दिसलं. विलामेट नदीकाठच्या उतारावरची ही १४६ एकर जागा शहरानं २०११ साली विकत घेतली. त्याआधी कित्येक वर्षं तिथे लोक सायकली चालवत होते. मार्च २०१५मध्ये, लोकांना सोबत घेऊन आराखडा करायचं काम चालू असतानाच, शहराच्या दोन कमिशनरांनी खबरदारी म्हणून सायकलींना बंदी घातली. चालणाऱ्यांना मात्र मोकळीक राहिली. खबरदारी मातीसाठी असेल, तर ती बुटांनाही लागू व्हायला हवी होती.

मग सायकलवाले जातात कुठे? सँडी रिजला, चाळीसेक मैलांवर. म्हणजे सायकलींच्या राजधानीत सायकल चालवायची तर आधी ती मोटारीवर चढवायची. ज्यांच्याकडे मोटार आहे आणि शनिवार मोकळा आहे, त्यांचं निभावतं. ज्या घरात मोटार नाही, त्या घरातल्या पोरानं काय करायचं? २०१७ साली उघडलेलं गेटवे ग्रीन आहे, आणि ते छान आहे. पण दोन हायवेंच्या बेचक्यातली ती जागा म्हणजे जंगल नव्हे.

फॉरेस्ट पार्कही अनाघ्रात वगैरे नाही. त्यातली झाडं तोडली गेली होती. आज ज्याला लीफ एरिक्सन ड्राइव्ह म्हणतात, तो रस्ता शंभरेक वर्षांपूर्वी घरांचे प्लॉट विकण्यासाठी खणला गेला. १९०३च्या अहवालात ऑल्मस्टेडनं इथे उद्यान करा म्हणून सुचवलं, आणि ते १९४८ साली झालं. ते झालं, कारण लोकांना ते हवं होतं. पुण्यात वेताळ टेकडीवरून रस्ता न्यायच्या बेताविरुद्ध २०२३ साली लोक रस्त्यावर उतरले, त्यांत रोज टेकडीवर फिरायला जाणारे होते. वापरणारी माणसंच जागेसाठी भांडतात. कुदळ-फावडं घेऊन स्वतःच्या हातानं वाट दुरुस्त करायला तयार असलेल्या माणसांना बाहेर ठेवून जंगलाचा एक पहारेकरी कमी होतो, एवढंच.

वळणावरून अचानक सायकल आली तर म्हाताऱ्या माणसानं काय करायचं, हा प्रश्न रास्त आहे आणि तो हसण्यावारी नेणारे सायकलवाले आमचंच नुकसान करतात. पण याचं उत्तर कोलोरॅडोतल्या बोल्डर काउंटीनं शोधलेलं आहे. तिथल्या बेटासो प्रिझर्व्हमध्ये बुधवारी आणि शनिवारी सायकली बंद असतात. इतर दिवशी सायकलींनी ठरलेल्या एकाच दिशेनं जायचं. फार अवघड नाही हे.

म्हणून माझी मागणी सगळ्या वाटा खुल्या करा, अशी नाही. वाइल्डवुड चालणाऱ्यांचाच राहू दे. फॉरेस्ट पार्कमध्ये सायकलींसाठी एक नीट आखलेली, पाणी बाजूला वळवणारी, एकेरी दिशेची अरुंद वाट बांधा. तिच्या बदल्यात एक-दोन धुपलेल्या फायरलेन सायकलींना बंद करा. पाच वर्षं गाळ मोजा, जनावरं मोजा, तक्रारी मोजा. आकडे आमच्या विरोधात गेले तर वाट बुजवा. बुजवायला आम्हीच फावडी घेऊन येऊ. पण मोजण्याआधीच निकाल देणं आता पुरे झालं.