आधी विचारा, मग शिबिर भरवा

गेल्या वर्षी महिला दिनाला आमच्या डिलाईल रोडच्या चाळीत आरोग्य शिबिर झालं. मांडव, सतरंज्या, चहा-बिस्किटं, सगळं साग्रसंगीत! बीपी मोजलं, बोट टोचून शुगर बघितली, फोटो निघाले. तिसऱ्या मजल्यावरच्या वहिनीही रांगेत होत्या. "सगळं नॉर्मल आहे," हे ऐकून घरी गेल्या.

चार दिवसांनी गॅलरीत कपडे वाळत घालताना त्या हळूच म्हणाल्या, "ताई, मला सारखी उन्हाळी लागते हो. पण तिथं चारचौघांत कशी सांगणार?"

"पाणी पिता ना भरपूर?"

"संध्याकाळनंतर घोटभरसुद्धा नाही. रात्री संडासला जायची भीती वाटते. पॅसेजात दिवा नाही, दाराला कडी नाही."

मी चपापले. कारण रात्री पाणी न पिणारी मीही होते!

आमचा हा भाग गिरण्यांचा. १९८२च्या संपानंतर गिरण्या थंडावल्या आणि त्यांच्या जागी मॉल आणि काचेची ऑफिसं आली. वॉर्डाची सरासरी काढली, की टॉवरमधली बाई आणि सामाईक संडासापुढे रांग लावणारी बाई एकाच आकड्यात बसतात. म्हणून हिशेब गल्लीचा, मजल्याचा वेगळा मांडायला हवा.

हे काही माझं डोकं नव्हे. गडचिरोलीत डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांनी दोन गावांतल्या बायकांची तपासणी केली. १९८९ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात ते निष्कर्ष छापून आले. ९२ टक्के बायकांना स्त्रीरोगाचा काही ना काही त्रास होता आणि त्याआधी अशी तपासणी झालेल्या होत्या जेमतेम ८ टक्के! तोवर खेड्यातल्या बाईचं आरोग्य म्हणजे बाळंतपण आणि कुटुंबनियोजन, एवढंच धरलं जायचं. कुणी विचारलंच नव्हतं, म्हणून कुणाला कळलंच नव्हतं.

आम्ही चौघीजणींनी शंभर पानी वही घेतली. एका मजल्यापासून सुरुवात केली. पाचच प्रश्न: रात्री पाणी पिता का? उन्हाळी लागते का? अंगावरून पांढरं जातं का? चक्कर येते का? स्वतःसाठी डॉक्टरकडे शेवटचं कधी गेलात? नाव लिहायचं नाही, सासूसमोर किंवा मुलांसमोर विचारायचं नाही, आणि तिची इच्छा नसेल तर आग्रह करायचा नाही. ज्यांना त्रास होता, त्यांच्याबरोबर दवाखान्यातही गेलो. नुसतं लिहून घेऊन वही मिटणं बरं नव्हे.

निम्म्याहून अधिक घरांतल्या बायका रात्री तहान मारत होत्या. ते कागदावर मांडून आम्ही चाळ कमिटीपुढे ठेवलं. इतकी वर्षं जी 'बायकांची किरकिर' होती, ती आता मजल्याची अडचण ठरली. पंधरा दिवसांत दिवा लागला, कड्या बसल्या. वहिनी आता रात्री पाणी पितात.

कुणी म्हणेल, "आपण काय डॉक्टर आहोत?" नाहीच. रोग ओळखणं डॉक्टरांचं काम. पण कुणाच्या घरात काय चाललंय, हे आपल्याइतकं कुणाला ठाऊक असतं? बीपी-शुगर तपासू नये असंही मी म्हणत नाही. तपासाच, पण आपल्या गल्लीला काय हवंय हे आधी विचारून घ्या.

मैत्रिणींनो, तुमच्या गावात संडासाऐवजी लांबची विहीर असेल, गिरणीऐवजी विडीचं किंवा मिरचीचं काम असेल. प्रश्न तुमचे तुम्ही ठरवा. भिशीच्या नाहीतर बचत गटाच्या बैठकीत अर्धा तास काढा. जमलेला हिशेब आशाताईंकडे न्या, ग्रामसभेत किंवा नगरपालिकेत मांडा.

दूधवाल्याचा आणि किराण्याचा हिशेब आपण पै-पैसकट ठेवतो. मग आपल्याच दुखण्याचा का ठेवू नये?