आधी पत्रिका जुळवा, मग मदरबोर्ड घ्या

घरातला संगणक जुना झाला, की एकच चर्चा सुरू होते. सगळा नवा घ्यायचा, की आतले काही बदलून भागवायचे? १४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चे नेहमीचे पाठबळ थांबवले आणि धडधाकट संगणक असलेल्या घरांतही ही चर्चा पोहोचली. कारण बरेच जुने प्रोसेसर विंडोज ११ च्या अटींत बसत नाहीत. त्यातच २०२५ च्या अखेरीस मेमरीचे, म्हणजे आपल्या रॅमचे, भाव भराभर चढले. कृत्रिम बुद्धिमत्तेसाठी उभ्या राहणाऱ्या डेटा सेंटरांनी चिपांची मागणी वाढवली आणि झळ बसली ती घरगुती गिऱ्हाइकाला.

समजा, भिलईच्या एखाद्या सेक्टरमधल्या क्वार्टरमध्ये २०१७ साली घेतलेला संगणक आहे. मुलगी बारावीत, वडिलांच्या निवृत्तीला दोन वर्षे उरलेली. वडील सुपेल्याच्या दुकानात जाऊन सांगतात, "बोर्ड असा द्या, की आज जुनी रॅम चालेल आणि पुढेमागे नवीही लावता येईल." मागणी रास्त आहे. पण ती पुरी होते का?

त्यासाठी थोडे मागे जाऊ. रॅमच्या पिढ्या आहेत : डीडीआर, डीडीआर-२, ३, ४ आणि आता ५. प्रत्येकीला लागणारा विजेचा दाब वेगळा. डीडीआर-३ ला १.५ व्होल्ट, डीडीआर-४ ला १.२, तर डीडीआर-५ ला १.१. डीडीआर-४ आणि ५ या दोन्ही पट्ट्यांना २८८ पिना असतात, दिसायलाही त्या बहिणी-बहिणी वाटतात. पण त्यांच्या कडेची खाच वेगवेगळ्या जागी असते. चुकीची पट्टी चुकीच्या स्लॉटमध्ये बसू नये, म्हणूनच ही योजना. तेव्हा बसत नसेल तर जोर लावू नका!

दोन पिढ्यांना एकाच बोर्डावर नांदवण्याचे प्रयोग पूर्वी झाले आहेत. २००१ च्या सुमारास ईसीएस कंपनीचा के७एस५ए हा स्वस्त बोर्ड गाजला. त्यावर जुन्या एसडीरॅमचे दोन आणि डीडीआरचे दोन स्लॉट होते. पुढे डीडीआर आणि डीडीआर-२, मग डीडीआर-२ आणि डीडीआर-३ अशा जोड्यांचे बोर्डही आले. मात्र एका वेळी एकच प्रकार लावायचा, ही अट कायम.

तेव्हा हे सोपे होते, कारण मेमरीचा कारभार पाहणारा नियंत्रक मदरबोर्डवरच्या चिपसेटमध्ये असे. एएमडीने २००३ मध्ये आणि इंटेलने २००८ मध्ये तो प्रोसेसरच्या पोटात नेला. त्यामुळे कोणती रॅम चालणार हे आता आधी प्रोसेसर ठरवतो. म्हणून बोर्डाचा भाव विचारण्याआधी प्रोसेसर ठरवा.

इथे बेताच्या बजेटला दोन वाटा आहेत. इंटेलच्या १२ व्या, १३ व्या आणि १४ व्या पिढीचे डेस्कटॉप प्रोसेसर डीडीआर-४ आणि डीडीआर-५ दोन्ही स्वीकारतात. पण त्यांचे स्वस्त एच६१० बोर्ड सहसा एकाच प्रकारचे स्लॉट घेऊन येतात. डीडीआर-४ च्या बोर्डाच्या नावात बहुधा 'डी४' किंवा 'डीडीआर४' असे लिहिलेले असते. ते खोक्यावर वाचा, नुसते 'एच६१०' ऐकून पैसे देऊ नका. दुसरी वाट एएमडीची. तिथे एएम४ सॉकेटला फक्त डीडीआर-४ आणि एएम५ ला फक्त डीडीआर-५. दोन्ही प्रकारचे स्लॉट असलेला एखादा बोर्ड दिसलाच, तर त्यासाठी किती जादा मोजावे लागतात ते पाहा. दोन्ही पट्ट्या एकत्र लावून बेरीज होणार नाही, हे विसरू नका.

आता घरच्या पट्टीकडे वळू. संगणक बंद करून, प्लग काढून ती बाहेर काढा आणि लेबल वाचा. 'पीसी३' म्हणजे डीडीआर-३, 'पीसी४' म्हणजे डीडीआर-४. खरेदीच्या वर्षावरून अंदाज बांधू नका. २०१७ च्या सुमारास डीडीआर-४ रुळली होती, तरी काही स्वस्त बोर्ड डीडीआर-३ चेच होते.

पट्टी डीडीआर-३ निघाली, तर तिच्यापायी नव्या बोर्डाचा शोध घेऊ नका. वर सांगितलेल्या कोणत्याही बोर्डावर ती चालणार नाही. डीडीआर-४ च्या ८ जीबीच्या दोन पट्ट्या असतील, तर त्या सोने समजा आणि डीडीआर-४ चाच बोर्ड घ्या. ४ जीबीची एकच पट्टी असेल, तर मात्र हिशेब बदलतो. तेवढ्यासाठी पुढच्या सात-आठ वर्षांचा बोर्ड जुन्या पिढीला बांधून घेणे महागात पडेल. दोन्ही बोर्डांचे, रॅमसकट, दोन वेगळे कोटेशन मागा आणि फरक पाहून ठरवा.

दुकानात आणखी तीन गोष्टी लक्षात ठेवा. एच६१० वर सहसा दोनच स्लॉट असतात, म्हणून ८ जीबीची एक पट्टी घेऊन दुसरा रिकामा ठेवा. ऑनलाइन स्वस्तात मिळणारी सर्व्हरची 'रजिस्टर्ड' रॅम आणि लॅपटॉपची आखूड रॅम घरगुती बोर्डावर चालत नाही. आणि नागपूर-पुण्याच्या नातेवाइकांकडून बोर्ड मागवणार असाल, तर पक्के बिल घ्या. वॉरंटीसाठी तो भिलई-रायपूरला स्वीकारला जाईल का, हे आधीच विचारा.

आपल्या उदाहरणातल्या वडिलांनी जुनी पट्टी खिशात घालूनच दुकानात जावे. तिथे ती बोर्डावर बसवून, संगणक सुरू करून दाखवायला सांगावे. पडद्यावर पूर्ण १६ जीबीचा आकडा दिसला, की मगच पैसे मोजावेत.