परीक्षा घेऊ नका, खूण द्या

पार्किन्सन म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे थरथरणारा हात येतो. १८१७ साली डॉ. जेम्स पार्किन्सन यांनी या आजाराचं वर्णन लिहिलं, तेव्हा त्यांचंही मत होतं की यात बुद्धीला धक्का लागत नाही. आज माहीत आहे की विचारांचा वेग, लक्ष आणि स्मरण यांवरही परिणाम होऊ शकतो.

ह्यांना पार्किन्सन होऊन नऊ वर्षं झाली. घरी येणारे प्रेमाने विचारतात, "मामा, ओळखलंत का? सांगा पाहू माझं नाव!" हे गप्प होतात. मग पाहुणे माझ्या कानाशी लागतात, "विसरायला लागले वाटतं." माझं स्पष्ट मत आहे, ही तोंडी परीक्षा बंद करावी.

जन्म शाळेत गेला, म्हणून शाळेतलंच सांगते. 'सविस्तर उत्तर लिहा' इथे अडलेला मुलगा 'जोड्या लावा'मध्ये पैकीच्या पैकी गुण मिळवतो. अभ्यास झालेला असतो, पण वेळेवर वर येत नाही. पार्किन्सनमध्ये बरेचदा असंच होतं. आठवण आत असते, ती शोधून काढायला कष्ट पडतात. अल्झायमरमध्ये नवी गोष्ट मुळात नीट साठतच नाही, त्यामुळे खुणेचा उपयोग कमी होतो. इथे मात्र होतो. म्हणून म्हणावं, "मामा, मी तुमच्या सुमनताईचा धाकटा, साताऱ्याहून आलोय." आणि उत्तराला वेळ द्यावा. मध्येच वाक्य पुरं करू नये.

आमच्याकडे चष्मा, किल्ल्या, कवळी यांच्या जागा ठरलेल्या आहेत. फळ्यावर रोज वार, तारीख आणि कोण येणार ते लिहिते. गोळ्यांची खणांची डबी आहे, मोबाईलचा गजर आहे. लेव्होडोपाची वेळ चुकली की हालचालच अडते, म्हणून गजर वाजला की गोळी तेव्हाच घ्यायची. "एवढं वाचून घेतो" म्हटलं की विसरलीच. चालताना गप्पा नाहीत. लक्ष दोन्हीकडे वाटलं गेलं की तोल जातो.

काही जण म्हणतात, अशानं डोकं आळशी होईल. अहो, आम्ही शिक्षकसुद्धा टाचणवही घेऊनच वर्गात जायचो!

गोंधळ अचानक वाढला तर मात्र वयावर ढकलू नका. कधी मूत्रमार्गाचा संसर्ग असतो, कधी औषध. कंपासाठी दिल्या जाणाऱ्या ट्रायहेक्सिफेनिडिलसारख्या गोळ्यांनी वयस्कर माणसांची स्मृती मंदावू शकते. डॉक्टरांना विचारा, आपल्या मनानं गोळी बंद करू नका.

विसरण्यापेक्षा चारचौघांत नापास होण्याची भीती माणसाला जास्त गप्प करते, असं मला वाटतं. तेव्हा आमच्याकडे याल तेव्हा दारातच आपलं नाव सांगा. चहा होईपर्यंत तुमच्या आजोळच्या चार गोष्टी हेच तुम्हाला सांगतील.