संधी कुणाची, घमेलं कुणाचं?

नागपूरला भाव आलाय म्हणे. मिहान, मेट्रो, समृद्धी! जो उठतो तो 'गुंतवणुकीची संधी' म्हणून बोंबलतो. नकाशे पसरतात, जमिनीवर बोटं ठेवतात. त्या नकाशात रस्ता असतो, प्लॉट असतो, माणूस तेवढा नसतो. मी गोदीत ओझी वाहणारा, मॅट्रिक झालेला, कविता लिहिणारा माणूस. मला बाजारभाव कळत नाही. हिशेब कळतो. तोच मांडतो.

सीताबर्डीला मेट्रोच्या दोन लाइनी एकमेकींना छेदतात. 7 मार्च 2019 ला खापरी ते बर्डी गाडी सुरू झाली. पहिल्या टप्प्याचा खर्च सुमारे 8,680 कोटी. जर्मनीच्या आणि फ्रान्सच्या सरकारी बँकांनी कर्ज दिलं. कर्जाला व्याज मिळतं. स्टेशनाशेजारच्या जागेला भाव मिळतो. आणि सळई वाकवणाऱ्या मिस्त्रीला, घमेलं वाहणाऱ्या रेजाला? त्या दिवसाची मजुरी, ती पण ठेकेदार देईल तेव्हा. पैसा लावला तर गुंतवणूक. जमीन लावली तर गुंतवणूक. पाठीचा कणा लावला तर तो 'खर्च'! आणि खर्च म्हणजे कमी करायची गोष्ट. ही वही कुणी लिहिली, दोस्तांनो?

समृद्धी महामार्ग बघा. 701 किलोमीटर, सुमारे 55 हजार कोटी. 5 जून 2025 ला शेवटचा टप्पा खुला झाला. जमीन बहुतेक थेट खरेदीनं घेतली. सात-बारावर ज्याचं नाव, त्याच्या हातात चेक. पण त्याच रानात पिढ्यान्‌पिढ्या निंदण-खुरपण केलेल्या भूमिहीनाचं काय? 2013 चा भूसंपादन कायदा अशा शेतमजुराच्या कुटुंबालाही बाधित मानतो. पण खरेदीखतावर दोघांच्याच सह्या, घेणाऱ्याची आणि देणाऱ्याची. मजुराचा अंगठासुद्धा कुणी मागत नाही. गावकुसाबाहेर सात-बारा किती घरांत आहे, हे मी तुम्हाला सांगायला नको.

आणि 1 ऑगस्ट 2023. शहापूरजवळ सरळांबे इथं रात्री काम चालू असताना गर्डर टाकणारं यंत्र कोसळलं. 20 जण ठार. रस्त्याला नाव समृद्धी! कुणाची?

हा धंदा काही आजचा नाही आणि नागपूरचाच नाही. इंग्रजांनी पूर्व आफ्रिकेत मोंबासापासून रेल्वे टाकली, 1896 ते 1901. हिंदुस्थानातून सुमारे 32 हजार मजूर बोटींत कोंबून नेले. त्यातले अडीच हजारांच्या आसपास मेले. 2017 साली त्याच मोंबासा-नैरोबीमध्ये नवी रेल्वे आली, चीनच्या कर्जावर. कर्ज फेडतोय केनियाचा माणूस. सावकार बदलतो, पाठ बदलत नाही.

कुणी म्हणेल, पोरं विकासाच्या आड येताहेत. अरे, 1942 ते 1946 बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कौन्सिलात मजूरमंत्री होते. दामोदर खोऱ्याच्या योजनेची पायाभरणी त्यांच्याच खात्यात झाली. आम्हाला धरण पाहिजे, रेल्वे पाहिजे, रस्ता पाहिजे. नको आहे ती आमच्या मुडद्यावरची तुमची टक्केवारी.

टक्केवारीवरून आठवलं. 1996 च्या कायद्यानं बांधकामाच्या खर्चावर निदान 1 टक्का उपकर बसवला, बांधकाम मजुरांच्या कल्याणासाठी. 100 कोटींच्या कामामागं 1 कोटी. 21 नोव्हेंबर 2025 ला नव्या श्रमसंहिता लागू झाल्या, त्यातही हा उपकर आहे. तो पैसा जातो कुठं? 2018 च्या मार्चमध्ये सुप्रीम कोर्टानंच सांगितलं : देशात 37,400 कोटींहून जास्त जमा, मजुरांच्या नावानं खर्च फक्त 9,500 कोटींच्या आसपास. कोर्टासमोर हेही आलं की या पैशातून लॅपटॉप आणि वॉशिंग मशिनं घेतली गेली. ज्याच्या झोपडीत नळ नाही त्याला वॉशिंग मशीन! हरामखोरीलाही काही हद्द असते.

माझा मावसभाऊ सेंट्रिंगच्या कामावर आहे. नोंदणीला वर्षात 90 दिवस काम केल्याचा दाखला लागतो. ठेकेदार दाखला देत नाही, उलट म्हणतो, 'तू माझ्याकडं होतास कधी?' पूल उभा आहे, पण तो बांधणारा नव्हताच!

तेव्हा भावांनो, बर्डीच्या चहाच्या टपरीवर क्रांतीच्या गप्पा पुष्कळ झाल्या. सकाळी मजुरांच्या ठिय्यावर चला. ज्यांना लिहिता येतं त्यांनी फॉर्म भरा. प्रत्येकाची वही करा : कुठं काम, किती दिवस, ठेकेदार कोण. 90 दिवस भरले की टोळीनं जाऊन दाखला मागा. नाही दिला तर तिथंच बसा. भूमिहीनांची नावं बाधितांच्या यादीत घाला, नाहीतर मोजणीचा खुंटा रोवू देऊ नका.

उपकर म्हणजे भीक नाही, आमच्या घामातला वाटा आहे. त्यांच्याकडं नकाशा असेल. आपल्याकडं वही पाहिजे. एकदा हिशेब मांडला की मग वसुली.