क्वांटमचा ताईत

गेल्या श्रावणात शेजारच्या काकू एक वस्तू घेऊन माझ्याकडे आल्या. काळ्या दोऱ्यात ओवलेली तांब्याची चकती आणि सोबत गुळगुळीत कागदावरचे पत्रक. इंदापुरात भरलेल्या एका ‘क्वांटम उपचार’ शिबिरात ती चकती त्यांना ३,५०० रुपयांना पडली होती. तिच्यातले कण म्हणे उपचारकांच्या चकतीतल्या कणांशी गुंतलेले आहेत. ते कुठेही बसोत, त्यांची शक्ती तत्क्षणी रोग्याला पोचते. आणि हे सारे २०२२ च्या नोबेल पारितोषिकाने सिद्ध झाले आहे!

“गुरुजी, आमच्या ह्यांच्या साखरेच्या गोळ्या आता बंद केल्या तर चालतील ना?”

डॉक्टरांना विचारल्याशिवाय एकही गोळी बंद करू नका, एवढे मी तिथल्या तिथे सांगितले. बाकीचे मला कुठे ठाऊक होते? मी मॅट्रिक झालेला माणूस. कादंबऱ्या लिहितो आणि पोरांना त्रैराशिक शिकवतो. पण नोबेल मिळाले ते नेमके कशाला, हे पाहण्यात गणपतीची सुटी घातली आणि आता भांडायला उभा आहे.

दोन गोष्टी एकमेकींच्या जोडीने चालल्या की त्याला सहसंबंध म्हणतात. इकडे बारामतीचा ऊस तरारला की तिकडे इंदापूरचाही तरारतो. बारामतीचा ऊस काही इंदापूरच्या उसाला निरोप धाडत नाही. नीरेच्या डाव्या कालव्याचे पाणी दोघेही पितात. आपल्याच जिल्ह्यात खोडदच्या परिसरात गोविंद स्वरूप यांनी उभारलेल्या ३० रेडिओ दुर्बिणी याच तत्त्वावर आकाश पाहतात. दर दोन दुर्बिणींचे संदेश एकमेकांशी गुणायचे, अशा ४३५ जोड्या. दोघींत सामायिक असेल ते आकाशातले, बाकीचा कलकलाट ज्याचा त्याचा.

सगळेच सहसंबंध अशा, आधीच ठरून गेलेल्या सामायिक कारणाने उलगडतात का? हा प्रश्न बेलफास्टमध्ये जन्मलेल्या जॉन बेल याने १९६४ साली कसाला लावला. त्याच्या म्हणण्याचा एक खेळ करता येतो. मी बारामतीत आणि माझी बहीण इंदापुरात, दोघे बंद खोलीत, फोन काढून घेतलेला. प्रत्येकाला नाणे उडवून दोहोंपैकी एक प्रश्न: ‘लाडू?’ किंवा ‘चकली?’ उत्तर हो किंवा नाही. दोघांनाही ‘चकली’ विचारले तर उत्तरे वेगळी हवीत. इतर तिन्ही वेळा सारखी. खोलीत जाण्याआधी काय वाटेल ते ठरवा. शंभर फेऱ्यांत सरासरी ७५ हून अधिक जिंकणे शक्य नाही. वाचकहो, फराळाचे ताट समोर असताना खेळूनच पहा. मात्र आम्हा दोघांकडे गुंतलेल्या जोडीतला एकेक प्रकाशकण दर फेरीला असेल आणि तो मोजून आम्ही उत्तर दिले, तर सुमारे ८५ जिंकता येतात! ही वरची दहा कोणत्याही आगाऊ ठरावातून निघत नाहीत. निसर्ग बेलची मर्यादा खरोखर ओलांडतो, हे दाखवणाऱ्या प्रयोगांबद्दल क्लाउझर, आस्पे आणि त्साइलिंगर यांना नोबेल मिळाले.

नवल आहेच. पण पत्रक जिथे थांबते तिथूनच खरी गंमत सुरू होते. बहिणीला तिच्या खोलीत काय दिसते? हो, नाही, नाही, हो. जशी छापा-काट्याची यादी. मला कोणता प्रश्न आला, मी कण मोजला की नीरेत फेकून दिला, तिच्या यादीत तसूभर फरक पडत नाही. दोन्ही याद्या एका टेबलावर आल्या म्हणजेच जोड दिसते, आणि त्यासाठी यादी एस.टी.ने नाहीतर फोनने यावी लागते. ज्या जोडीतून एका अक्षराचा निरोप जात नाही, तिच्यातून मधुमेहावरचे औषध जाणार? शिवाय हे गुंतलेपण इतके हळवे, की आसपासच्या कणांच्या धक्काबुक्कीत पाहता पाहता विरते. गळ्यातल्या घामट चकतीत ते महिनोन्महिने टिकते, हे सांगायला धाडस हवे. २०१३ साली आपल्याकडे जादूटोणाविरोधी कायदा झाला. मांत्रिकाने मंत्र बदलला, इतकेच.

दुसरा पक्ष अधिक सोज्वळ आहे. “हे तर आपल्या ऋषींना ठाऊकच होते.” ऋषींना माझा नमस्कार. पण पंचाहत्तर आणि पंच्याऐंशी यांच्यातला फरक कोणत्या ग्रंथात मांडला आहे, तेवढे पान दाखवा. दुसऱ्याने घाम गाळून पीक काढायचे आणि आपण बांधावर उभे राहून सातबारा आपल्या नावचा सांगायचा, ही कुठली रीत?

आणि आम्ही मास्तर तरी कुठे सुटतो? २०२३ साली सरकारने राष्ट्रीय क्वांटम मिशनला सुमारे ६,००० कोटी रुपये मंजूर केले. पुण्याच्या आयसरमध्ये ज्या विषयावर माणसे डोके शिणवतात, त्याचेच नाव चार तासांच्या आत येणाऱ्या इंदापुरात गळ्यात बांधायला मिळते. मधल्या वाटेवर आमच्या शाळा आहेत, आणि ‘जोडीने घडले म्हणजे एकाने दुसऱ्याला घडवले असे नव्हे’ हे एक वाक्य मी वीस वर्षांत एकदाही फळ्यावर लिहिले नव्हते.

काकूंनी मला विचारले तेव्हा गोळ्या बंद होऊन आठ दिवस झाले होते. हे मला मागाहून कळले. काकांना दवाखान्यात नेले तेव्हा साखर ३०० च्या वर होती. गोळ्या पुन्हा सुरू झाल्या. मग पैसे परत मागावेत म्हणून काकूंना घेऊन पत्रकावरच्या पत्त्यावर गेलो. ते एक मंगल कार्यालय निघाले. आत साखरपुडा चालला होता. कुणीतरी आम्हाला वराकडचे समजून पेढे दिले.